केल्टिक संगीत महोत्सवात पुस्तकांचा स्टॉल : कोणी लावलाय का?

वाड्याची_रेवा | ३ मार्च

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची, गेली चौदा वर्षं ओहायोत, कोलंबसजवळ. नोकरी सांभाळून सहा वर्षं एका पुस्तकावर काम केलं. विषय : जेम्स ग्रँट डफची साताऱ्यातली वर्षं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने त्याला साताऱ्याला नेमलं. वय तीसच्या आत. प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कारभार बघता बघता या माणसाने बखरी, सनदा, पत्रं गोळा केली आणि पुढे १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापला. हे आपल्याकडे शाळेपासून माहीत असतं. पण स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बॅन्फमधून आलेल्या पोराला साताऱ्यात काय दिसलं असेल, हा माझा किडा.

पुस्तक इंग्रजीत, २५० पानी, स्वखर्चाने छापलेलं. ऑनलाइन सात महिन्यांत ४१ प्रती गेल्या. त्यातल्या निम्म्या नात्यातल्या.

ऑफिसातली एक बाई म्हणाली, उन्हाळ्यात केल्टिक (आयरिश, स्कॉटिश वगैरे) महोत्सवांना जा, बरेच लेखक गाडीत खोकी टाकून गावोगाव हिंडतात. आमच्या शेजारच्या गावाचं नावच डब्लिन. तिथे ऑगस्टच्या पहिल्या वीकांताला कॉफमन पार्कात मोठा आयरिश फेस्टिव्हल असतो. आम्ही दोनदा गेलोय, पण फिडल ऐकायला आणि मुलांना नाचायला. पुस्तकांकडे माझंच लक्ष गेलं नव्हतं, तर इतरांचं कसं जाईल?

कोणी केलंय का हे? विकलं जातं का? की दोन दिवस उन्हात बसून खोकी परत?

---

खवट_सदाशिव | ३ मार्च

सवाईच्या मांडवातला माझा अभ्यास सांगतो. पुस्तकांच्या स्टॉलवर लोक भजी गार होईपर्यंत थांबतात. भजी गार झाली की पुस्तक ठेवून जातात. जागा बघून घ्या.

ता. क. केल्टिक की सेल्टिक?

---

झिम्मा | ३ मार्च

वाचतेय. विषय एकदम वेगळा.

---

क्लाइडकाठचा | ३ मार्च

सदाशिवराव, लोक, भाषा, संगीत यांना केल्टिक. आमच्या ग्लासगोचा फुटबॉल क्लब आणि बॉस्टनची बास्केटबॉल टीम मात्र सेल्टिक. इथे पबमध्ये चुकलात तर कोणी मारणार नाही, पण बिल तुमच्याकडे येईल.

रेवा, सविस्तर नंतर लिहितो.

---

तंबूवाला_काका | ४ मार्च

मी मिलवॉकीत असतो. लेखक नाही, हमाल म्हणून बोलतो. आमची शेजारीण निवृत्त शिक्षिका, आजोळ काउंटी मेयोचं. आयरिश खेड्यात घडणाऱ्या रहस्यकथा लिहिते. नवरा गेल्यावर तिला तंबू उभारायला माणूस हवा होता. मी तीन उन्हाळे तिच्याबरोबर हिंडलो.

पहिली गोष्ट, गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आमच्या मिलवॉकीचा आयरिश फेस्ट १९८१ पासून लेक मिशिगनच्या काठी भरतो, चार दिवसांत लाखावर माणूस येतं. पण त्या माणसाच्या एका हातात बियर असते, दुसऱ्या हातात पोरगं. पुस्तक धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही. हे आम्हाला पहिल्या वर्षी कळलंच नाही. लोक यायचे, छान गप्पा मारायचे, "फिरून येतो" म्हणायचे. फिरून कोणी यायचं नाही.

दुसऱ्या वर्षी बाईने युक्ती काढली. पैसे आत्ता द्या, पुस्तकावर नाव घालून सही करते, पिशवीत घालून इथेच ठेवते, जाताना न्या. चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायची, अगदी देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडसारखा. त्या एका गोष्टीने विक्री दुप्पट नाही तरी दीडपट झाली. म्हणून जागा मागायची ती बाहेर पडायच्या वाटेवर.

दुसरी गोष्ट, स्टेजपासून लांब. एका छोट्या फेस्टिव्हलला (नाव नको) आयोजकांनी "मेन स्टेजला लागून" म्हणून जास्तीचे पैसे घेऊन जागा दिली. दोन दिवस आम्ही माणसांच्या पाठी बघितल्या. कोणी वळलंच तर काय म्हणतोय ते ऐकू येईना. बाई वहीवर लिहून किंमत दाखवत होती. खाण्याच्या रांगेपाशी, सावलीत, जिथे माणूस नाइलाजाने उभा राहतो, तिथे विक्री होते. सदाशिवरावांचा भज्यांचा सिद्धांत मला तरी पटला.

तिसरी, खुर्ची मागे लपवून ठेवा. बसलेल्या लेखकासमोरून लोक मान खाली घालून जातात.

चौथी, दहा बाय दहाच्या तंबूला चारही पायांशी वजनं हवीतच. वीस-वीस किलो. आम्ही पाइपात सिमेंट ओतून घरी केली. वारा आला की बिनवजनाचा तंबू दागिन्यांच्या स्टॉलवर जाऊन बसतो. पाहिलंय.

आणि गवतावर खोकं ठेवू नका. सकाळच्या दवाने खालच्या थरातल्या प्रती ओल्या पापडासारख्या वळतात.

---

नीरजा_लिफीकाठ | ४ मार्च

मी खऱ्या डब्लिनची. जरा विरोधात बोलते, राग नको.

रेवा, तुझा नायक स्कॉट, आणि तू जाणार आयरिश फेस्टिव्हलला. बाहेरून सगळं एकच दिसतं, हिरवं आणि चौकड्यांचं. पण तिथे येणारा माणूस आपल्या खापरपणजीचं गाव शोधत येतो. त्याला मेयो, कॉर्क, गॉलवे हवंय, बॅन्फ नाही. कोल्हापूर महोत्सवात नागपूरच्या भोसल्यांवरचं पुस्तक विकण्यासारखं आहे हे. लोक आदराने चाळतील, पण घेणार नाहीत.

दुसरं म्हणजे संगीताच्या महोत्सवात सगळ्यात जास्त जातात ती सुरावटींची पुस्तकं. इथे फ्ला नावाचा आयरिश संगीताचा मेळा असतो, १९५१ मध्ये मलिंगारला सुरू झालेला, दर वर्षी एका गावात. रस्तोरस्ती लोक वाजवत बसलेले असतात. तिथे मी विकताना पाहिली ती टिन व्हिसल शिकायची पुस्तकं, फिडलच्या धुनांचे संग्रह, आणि अजूनही ओ'नील! म्हणजे फ्रान्सिस ओ'नील. हा गृहस्थ शिकागोचा पोलीस प्रमुख होता. १९०३ मध्ये त्याने १,८५० धुनांचा संग्रह छापला आणि त्याच्या पुढच्या संग्रहांसकट तो आजही वाजवणाऱ्यांच्या पिशवीत असतो. पोलीस खात्यात बसून धुना गोळा करणारा तो, आणि कारभार करता करता बखरी गोळा करणारा तुझा ग्रँट डफ. एकाच जातीचे दोघं.

---

वाड्याची_रेवा | ४ मार्च

नीरजा, नागपूरच्या भोसल्यांचं उदाहरण काळजाला लागलं :) पण मुद्दा बरोबर आहे. मी डोक्यात "केल्टिक" म्हणून एकच मोठी टोपली केली होती.

काका, चप्पल-स्टँड वहीत लिहून घेतला.

---

दामले_ब्रेताँ | ५ मार्च

टोपलीवरून आठवलं. मी फ्रान्समध्ये, रेनला. आमच्याकडे लोरियाँला ऑगस्टात दहा दिवस सगळ्या केल्टिक देशांचा मेळावा असतो, १९७१ पासून. तिथे टोपली खरंच मोठी आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, कॉर्नवॉल, आइल ऑफ मॅन, ब्रिटनी (हा आमचा फ्रान्समधला भाग). शिवाय स्पेनमधले गालिसिया आणि अस्तुरियास, कारण तिथेही पाइप (बॅगपाइप) वाजतात. दर वर्षी एकाला पाहुण्याचा मान.

पुस्तकवाल्यांसाठी एक गंमत सांगतो. फ्रान्समध्ये १९८१ पासून पुस्तकाच्या किमतीचा कायदा आहे. प्रकाशकाने छापलेली किंमत सगळीकडे तीच, सूट फार तर पाच टक्के. त्यामुळे शेवटच्या दिवशी "दोनावर एक फुकट" हा आरडाओरडा नाही. विक्रेत्याची लढाई फक्त बोलण्याची. आणि ब्रेताँ पुस्तकांचे लोक मला म्हणाले की, लोरियाँ गाणं ऐकणाऱ्यांसाठी, पुस्तकांसाठी ऑक्टोबरात कारेला या. कारे हे छोटं गाव, तिथे ब्रिटनीच्या पुस्तकांचा वेगळा मेळा भरतो. गाणाऱ्यांची गर्दी नाही, पण येणारा प्रत्येक जण पुस्तकासाठीच आलेला.

आपल्याकडे साहित्य संमेलनात जसं होतं. भाषणाच्या मांडवात डुलक्या, ग्रंथप्रदर्शनात चेंगराचेंगरी.

---

क्लाइडकाठचा | ५ मार्च

आता सविस्तर.

ग्लासगोत जानेवारीत केल्टिक कनेक्शन्स असतं, १९९४ पासून. अडीच-तीन आठवडे, शहरभरच्या सभागृहांत. जानेवारीत इथे दुपारी चारला अंधार पडतो, तंबूचा प्रश्नच नाही. लॉबीत टेबल असतं ते त्या रात्रीच्या कलाकारांचं, सीडी आणि टी-शर्टचं. लेखकाने नुसतं खोकं घेऊन येण्यात अर्थ नाही. आधी कोणत्या तरी कार्यक्रमात शिरकाव हवा.

पुस्तकवाल्यांनी जायचं ते विगटाउनला. नैर्ऋत्य स्कॉटलंडमधलं एवढंसं गाव, १९९८ मध्ये त्याला स्कॉटलंडचं पुस्तकांचं गाव ठरवलं. दुग्धशाळा बंद, दारूची भट्टी बंद, माणसं निघून चाललेली. मग रिकाम्या दुकानांत जुनी पुस्तकं आली. आपलं भिलार त्याच कुळातलं, वेल्समधल्या 'हे-ऑन-वाय' या पुस्तकांच्या गावाचं लेकरू.

पण रेवा, तू अमेरिकेत आहेस. तुझी जागा हायलँड गेम्समध्ये. लाकडाचे ओंडके फेकणं, पाइप बँडच्या स्पर्धा, आणि मैदानाच्या कडेने एकेका घराण्याचे, म्हणजे क्लॅनचे, तंबू. नॉर्थ कॅरोलिनात ग्रँडफादर माउंटनवर जुलैत होतात ते १९५६ पासून. कॅलिफोर्नियातले तर १८६६ पासून. तिथला प्रत्येक माणूस स्वतःचं आडनाव शोधत असतो. आणि तुझ्या पुस्तकात आडनावं किती आहेत बघ! ग्रँट. एल्फिन्स्टन. माल्कम. तिघेही स्कॉट. मराठी राज्य बुडताना कागदावर सह्या करणारे निम्मे लोक आमच्या इथल्या डोंगरातले. क्लॅन ग्रँटचा तंबू बहुतेक मोठ्या गेम्सना असतो. जळता डोंगर हे त्यांचं चिन्ह. त्याच्या समोर टेबल लाव.

जाता जाता एक, इथे टॅबलेट नावाची मिठाई मिळते. साखर, लोणी, आटवलेलं दूध. दाताखाली कणीदार फुटते. मी पहिल्यांदा खाल्ली आणि म्हटलं, हा तर कंदी पेढा, फक्त चौकोनी.

---

झिम्मा | ५ मार्च

कंदी पेढा आणि टॅबलेट!! रेवा, स्टॉलवर पेढे ठेव. पुस्तकं आपोआप जातील.

---

गोदाकाठ | ६ मार्च

सगळं छान आहे, पण ग्रँट डफचा एवढा उदो उदो कशाला? आपले कागद नेऊन नंतर जाळले असा त्याच्यावर आरोप आहे. नीलकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थिदशेतच त्याच्या चुका काढल्या होत्या. राजवाड्यांनी तर सोललाच. त्याचं पुस्तक परदेशात विकायला निघालात, त्या चुका लिहिल्यात का?

---

वाड्याची_रेवा | ६ मार्च

लिहिल्यात. कीर्तन्यांवर आख्खं प्रकरण आहे. विशीतल्या मुलाने उठून साहेबाच्या इतिहासाची झाडाझडती घ्यावी, हाच तर पुस्तकाचा शेवट आहे. आणि हे पुस्तक ग्रँट डफचं नाही, ग्रँट डफवरचं आहे.

---

गोदाकाठ | ६ मार्च

मग ठीक. पण कागदांचं काय?

---

पहारेकरी (संचालक) | ६ मार्च

कागदांचं कृपया वेगळ्या धाग्यावर. मागच्या वेळी हा विषय तीनशे प्रतिसादांवर गेला होता आणि दोन आयडी उडवावे लागले होते. इथे स्टॉल.

---

आकडेमोड | ७ मार्च

स्टॉल म्हणजे हिशोब. मी मांडतो.

२५० पानी कृष्णधवल पेपरबॅक मागणीनुसार छापून घेतलं तर लेखकाला प्रत साधारण चार डॉलरला पडते. टपाल धरून साडेचार. विक्री पंधराला. कार्डाचं कमिशन वजा करता हातात दहा. आता समजा स्टॉलचं भाडं ३००, दोन रात्री हॉटेल २८०, पेट्रोल आणि खाणं १२०. सातशे. म्हणजे सत्तर प्रती विकल्या की शून्यावर. दोन दिवस, रोज आठ तास. दर चौदा मिनिटांना एक पुस्तक गेलं पाहिजे, न थांबता, जेवायला न जाता.

शिवाय सेल्स टॅक्स. प्रत्येक राज्याचा वेगळा, तात्पुरत्या विक्रेत्याचा परवाना वेगळा. आणि रेवाताई, व्हिसा कोणता? एच-वन-बीवर असाल तर स्वतः उभं राहून माल विकणं अंगाशी येऊ शकतं. आधी वकिलाला विचारा.

---

वाड्याची_रेवा | ७ मार्च

ग्रीन कार्ड आहे. पण हा मुद्दा लिहिलात हे फार बरं केलंत, वाचणाऱ्यांपैकी कोणी उत्साहात उडी मारेल.

दर चौदा मिनिटांना एक. नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, आपल्या लग्नात पाकिटंसुद्धा या वेगाने आली नव्हती.

---

तंबूवाला_काका | ७ मार्च

आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे. म्हणून कोणी शहाणा लेखक तसं करत नाही. आमचा सगळ्यात चांगला दिवस ३८ प्रतींचा होता, आणि तोही बाईंची सहा पुस्तकं टेबलावर असताना. एक आवडलं की दुसरं घेतात. एकच पुस्तक असणाऱ्याने अख्खा तंबू घ्यायचा नाही. अर्धा किंवा तिसरा हिस्सा घ्यायचा. हॉटेल टाळायचं, ओळखी काढायच्या. खरे हिंडे लेखक एका रेषेत पडणारे तीन-चार कार्यक्रम धरतात आणि मधल्या दिवशी वाटेतल्या ग्रंथालयात व्याख्यान ठेवतात.

रेवा, तुला निरोप टाकलाय. बाई जूनमध्ये ओहायोच्या बाजूला एका हायलँड गेम्सला येतेय. अर्धा तंबू रिकामा आहे.

---

पैठणी_नको | ८ मार्च

रेवा, नऊवारी नेसून उभी राहा. घागरेवाल्या पुरुषांत उठून दिसशील.

---

नीरजा_लिफीकाठ | ८ मार्च

आणि दिवसभर "फोटो काढू का?" ऐकत बसायचं. लोक लुगड्याचा फोटो काढतील, पुस्तकाचा नाही. पुस्तकं विकायला चाललीये, प्रभातफेरीला नाही.

---

पैठणी_नको | ८ मार्च

अहो, गंमत केली. आणि किल्टला घागरा म्हटलं म्हणून क्लाइडकाठचे रागावले नाहीत, तुम्ही का रागावताय?

---

क्लाइडकाठचा | ८ मार्च

मी रागावलोय, पण हवामानामुळे.

---

केप_ब्रेटनचा_बंड्या | ११ मार्च

उशिरा आलो. कॅनडात, नोव्हा स्कोशियात असतो. आमच्या बेटावर ऑक्टोबरात, मेपलची पानं लाल होतात तेव्हा, केल्टिक कलर्स असतं, १९९७ पासून, नऊ दिवस. पण हे एका मैदानात नाही. आज या गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, उद्या त्या गावच्या चर्चच्या हॉलमध्ये. लोक गाड्या काढून बेटभर फिरतात. स्टॉल कुठे लावणार? इथे लेखक गावातल्या दुकानात प्रती ठेवतात, विकल्या तर पैसे. दुकानदार चाळीस टक्के कापतो. पण उभं राहावं लागत नाही.

अमेरिकेतून खोकं आणाल तर सीमेवर यादी आणि किमती दाखवाव्या लागतात. बाकी पुस्तकांवर इथे पाच टक्केच कर बसतो, प्रांताचा वाटा माफ.

आणि पाइपांजवळ उभं राहू नका असं कोणी कसं सांगितलं नाही? हायलँड पाइप तंबोऱ्यासारखा पाठीमागे राहणारा प्रकार नाही. तो वाजला की बाकी जग बंद. बाजूला ड्रोन (सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्या) कोणते, नळी कुठल्या लाकडाची यावर वाद घालणारे म्हातारे असतात. अस्सल पाइप आफ्रिकन काळ्या लाकडाचे. स्वस्तातले शिसवी येतात सियालकोटहून. एका स्टॉलवर मी बॉक्स उलटा केला तर उर्दू! विकणाऱ्याने पटकन सुलटा केला.

---

वाड्याची_रेवा | २४ जून

मंडळी, जाऊन आले. वृत्तांत.

कुठली गेम्स ते लिहीत नाही, कारण काही गोष्टी जरा आयोजकांच्या विरोधात आहेत. काका आणि त्यांची शेजारीण (इथून पुढे बाई) आठ तास गाडी चालवून आले. अर्ध्या तंबूचे माझे १२० डॉलर. राहिले मैत्रिणीकडे. पेट्रोल ४०.

आम्ही क्लॅनच्या तंबूंजवळची जागा मागितली होती. पत्रात "हो" होतं. प्रत्यक्षात आमचा नंबर ओंडके फेकण्याच्या मैदानाच्या कडेला. दर दहा मिनिटांनी धप्प! आणि टाळ्या. पहिल्या दोन तासांत तीन प्रती. मी मनात चौदा मिनिटं मोजत होते.

मग बाईने मला हाकललं. म्हणाली, पुस्तक इथे येऊन विकलं जात नसेल तर ते घेऊन फीर. एक प्रत हातात घेऊन क्लॅन ग्रँटच्या तंबूत गेले. तिथे सत्तरीच्या एक बाई वंशावळीची मोठी वही घेऊन बसलेल्या. म्हटलं, तुमच्यातल्या एकाने माझ्या गावाचा इतिहास लिहिला, मी तुमच्या माणसाचा लिहिलाय. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं आणि नेमकं पान ८७. बोट ठेवून म्हणाल्या, "इंग्लिश अधिकारी?"

मेले. सहा वर्षं काम केलं, तीन जणांनी वाचून दिलं, आणि एका ठिकाणी मी त्याला इंग्लिश लिहून ठेवलंय. आपल्याला सगळे इंग्रजच ना! साताऱ्यात कोणाला फरक पडला असता? तिथे तंबूतले सहा ग्रँट माझ्याकडे बघत होते. मी पेन काढलं, खोडलं, वर "स्कॉटिश" लिहिलं आणि बाजूला सही केली. ग्रँटांच्या बाई म्हणाल्या, आता ही प्रत मलाच हवी. मग बाकीच्यांनाही खोडलेलीच हवी झाली. त्या तंबूत सहा गेल्या, दिवसभरात त्यांनी पाठवलेले आणखी पाच. अकरा वेळा पान ८७ उघडून खोडलंय.

टेबलावर आजीचं चौकड्याचं इरकली लुगडं अंथरलं होतं. (नऊवारी शेवटी आलीच, पैठणी_नको.) दोघांनी गंभीरपणे विचारलं, हा टार्टन, म्हणजे चौकडा, कोणत्या घराण्याचा? पहिल्याला खरं सांगितलं. दुसऱ्याला म्हटलं, आजीचा, वाईचा. त्याने फोनमध्ये टिपून घेतलं.

एका मुलाने मुखपृष्ठावरचं "डफ" वाचून विचारलं, बियरवर पुस्तक आहे का? (सिम्प्सन्स कार्टूनमध्ये डफ नावाची बियर असते.) त्याच्या बापाने शरमून एक प्रत घेतली.

शनिवारी १९. रविवारी पाऊस, ८. दुपारी दोनला आयोजकांनी वादळाच्या भीतीने मैदान रिकामं करायला सांगितलं. काकांच्या सिमेंटच्या पाइपांना दंडवत. शेजारचा लोकरीचा तंबू गेला, आमचा हलला नाही. पण चप्पल-स्टँडमधल्या चार पिशव्या न्यायला कोणी आलंच नाही. पैसे दिलेत, नाव लिहिलंय, पत्ता नाही. त्यांचं काय करू?

हिशोब : २७ प्रती, ४०५ डॉलर. छपाई, टॅक्स, कार्ड, जागा, पेट्रोल जाऊन ऐंशीच्या आसपास उरले. हॉटेल घेतलं असतं तर खड्ड्यात.

---

आकडेमोड | २४ जून

तुमचे दोन दिवस, काकांचे सोळा तास ड्रायव्हिंग, मैत्रिणीकडचं जेवण : हे शून्य धरलंय. पण अभिनंदन. उणे यायला हवं होतं.

---

तंबूवाला_काका | २५ जून

रेवाने एक सांगितलं नाही. तिने दोन डबे कंदी पेढे आणले होते. आयोजक म्हणाले, खाण्याचा परवाना नसेल तर गिऱ्हाइकांना देता येणार नाही. मग पावसात तंबूच्या मागे आम्ही, लोकरवाली, पाइप दुरुस्त करणारा आणि ग्रँटांच्या बाई असे बसून खात होतो. ग्रँटांच्या बाईंनी पर्समधून टॅबलेट काढली. क्लाइडकाठचे, तुमचं म्हणणं खरं आहे. पण आमचा पेढा जास्त खमंग भाजलेला.

त्या चार पिशव्यांचं : आयोजकांना सांगून त्यांच्या पानावर नावं टाक. आमच्या बाईकडे तीन वर्षांपूर्वीची एक पिशवी अजून आहे. दर उन्हाळ्यात नेते.

---

क्लाइडकाठचा | २५ जून

"इंग्लिश" वाचून तुला जिवंत सोडलं, हेच मोठं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करशील ना?

---

वाड्याची_रेवा | २५ जून

तोच तर घोळ झालाय. ग्रँटांच्या बाईंनी ईमेल केलंय की सप्टेंबरात दुसऱ्या गेम्सना या, वीस जणांना हवंय, पण "चुकीचं असलेलंच आणा". फाइल दुरुस्त केलीये, घरात जुन्या ६० उरल्यात. त्या घेऊन जाते. डब्लिनच्या आयरिश फेस्टिव्हलला यंदा नुसती ऐकायला जाणार. नीरजा, जिंकलीस.

---

नीरजा_लिफीकाठ | २५ जून

जिंकले वगैरे नाही. पुढचं पुस्तक एखाद्या आयरिश माणसावर लिही, मग तिथेही टेबल लावता येईल.

---

खवट_सदाशिव | २६ जून

दोन प्रती ठेवा. एक मला. एक वडिलांना, ते साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत असतात. त्यांना न खोडलेली द्या, ते स्वतः खोडतील. आणि फक्त ८७ वर थांबणार नाहीत.

---

वाड्याची_रेवा | २६ जून

इथून टपालाने पाठवलं तर पुस्तकापेक्षा तिकीट महाग. डिसेंबरात येतेय, हातानेच देते. बाबांना म्हणावं, लाल पेन मीच आणीन.